मोरी : मुंबईच्या एका कोपऱ्याचा इतिहास (धागा)

लहान घरात धुण्याची जागा कोठे काढावी, हा प्रश्न आज आपण अंतर्गत सजावट करणाऱ्याला विचारतो. यंत्र न्हाणीघरात ठेवावे की स्वयंपाकघरात, साबणाचे डबे कोणत्या फळीवर लावावेत, ओले कपडे पसरावेत कोठे? मुंबईतील लक्षावधी कुटुंबांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सोडवला होता, आणि तोही दीडशे-एकशेसाठ चौरस फुटांच्या एकाच खोलीत. त्यांच्या उत्तराचे नाव मोरी. आजचा धागा तिच्याविषयी.

ज्यांनी चाळ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे वर्णन. खोलीचा एक कोपरा. त्याला वीतभर किंवा जरा अधिक उंचीचा कठडा. आत उतरती फरशी, भिंतीच्या बुडाशी पाणी जाण्याचे भोक. लांबी-रुंदी सामान्यतः तीन-चार फूट. एका बाजूस पाण्याचे पिंप, त्यावर झाकण, झाकणावर तांब्या. खाली एक दगड किंवा लाकडी पाट. येथेच स्नान, येथेच भांडी, येथेच धुणे. खोलीच्या उरलेल्या भागात चूल, देव्हारा, ट्रंका, वळकट्या आणि माणसे.

‘मोरी’ या शब्दाचा मूळ अर्थ सांडपाण्याची वाट. जागेला तिच्यातील भोकाचे नाव मिळाले आहे, आणि ते यथार्थ आहे. कारण घरात पाणी आणणे जितके अवघड होते, त्याहून ते घराबाहेर काढणे मुंबईला अधिक अवघड गेले.

येथे थोडे मागे जावे लागेल. नळ येण्यापूर्वी धुणे ही घरातील गोष्टच नव्हती. ती नदीवरची, ओढ्यावरची, तळ्यावरची गोष्ट होती. गावात पाणवठे जातीजातींनुसार वेगळे असत आणि कोणी प्रवाहाच्या वरच्या अंगास उतरावे, कोणी खालच्या, हे ठरलेले असे. सुती कपड्यांसाठी राखेचे किंवा पापडखाराचे पाणी, नाजूक वस्त्रांसाठी रिठा. कपडा दगडावर आपटायचा किंवा लाकडी धोपटण्याने बडवायचा, वाहत्या पाण्यात खळबळायचा, आणि काठावरच्या खडकांवर पसरायचा. जागेचा प्रश्न तेथे नव्हताच.

मोठे धुणे परटाकडे. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला परीट भट्टी लावी. खाराच्या पाण्यात बुडवलेले कपडे रचून त्यांना वाफ द्यायची, मग घाटावर नेऊन आपटायचे, उन्हात टाकायचे. कोणाचा कपडा कोणता हे कळावे म्हणून बिब्ब्याच्या रसाने काठावर खूण करीत, आणि ती खूण कपडा फाटेपर्यंत निघत नसे. गावाचे कपडे स्वच्छ करणाऱ्या या समाजालाच गावाने मात्र खालच्या पायरीवर ठेवले. गाडगेबाबांचा जन्म (१८७६) याच समाजातला. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या त्या माणसाकडे पाहताना ही पार्श्वभूमी आपण सहसा विसरतो.

मुंबईत धोब्यांचे तलाव होते. धोबीतलाव हे नाव अजून आहे, पाणी कधीच बुजले. पुढे त्याच भागात गोव्याहून आलेल्या खलाशांची आणि आचाऱ्यांची कूड वसली. एकेका गावाचे एकेक कूड, भिंतीला लागून पेट्यांची रांग, आणि सामायिक न्हाणीत आपापले कपडे धुणारे पुरुष. घरी बायको-आई असती तर यांतील किती जणांनी साबणाला हात लावला असता, हा प्रश्न मनात येतो खरा.

मुंबईच्या पाण्याला वळण लागले ते १८६० मध्ये. त्या वर्षी विहारचे पाणी नळाने शहरात आले. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. विहिरींवर आणि तलावांवर अवलंबून असलेल्या शहराला ही क्रांतीच होती. पण तिच्यात एक मोठी खोट राहिली. पाणी आत आणण्याची योजना झाली, ते बाहेर काढणाऱ्या गटारांची योजना रखडत राहिली. घराघरांत अंघोळी आणि धुणी होऊ लागली आणि ते सारे पाणी दोन इमारतींमधल्या अरुंद घरगल्लीत पडू लागले. मागच्या भिंतीतून मोरीचे भोक, भोकाखाली घरगल्ली, घरगल्लीत उघडे गटार, आणि ते साफ करण्यासाठी पुन्हा एका विशिष्ट जातीचा माणूस. धुणे नदीवरून घरात आले. त्याची घाण मात्र घरामागच्या अंधारात जमा झाली.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. रोग नेमका कशाने पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ओल, अंधार, कोंदटपणा आणि घाण यांवर सरकारचा संशय होता, आणि हे चारही जेथे एकत्र नांदतात अशी घरातील जागा म्हणजे मोरी. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली गेली, घरांना चुना फासला गेला, लोकांचे कपडे-अंथरुणे रस्त्यावर काढून जाळली गेली. ज्याच्याजवळ दोनच लुगडी आहेत त्या घरातील एक लुगडे जाळले जाणे म्हणजे काय, याचा विचार त्या मोहिमेच्या अहवालांत शोधून सापडणार नाही.

गुन्हेगार मोरी नव्हती. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये मांडले. ते सर्वमान्य व्हायला आणखी कैक वर्षे गेली. तोवर मुंबईच्या घरबांधणीची दिशा ठरून गेली होती. त्याच १८९८ साली कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि कामगारांसाठी चाळी उभ्या केल्या. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा माणूस चाळीत राहत होता, जेथे पाणी ही रोज सकाळी वाटून घेण्याची वस्तू होती.

त्यानंतरची मोठी लाट बी.डी.डी. चाळींची. १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. पन्नास हजार गाळे बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली साधारण एकशेसाठ चौरस फुटांची, शौचालय मजल्याला सामायिक. आरंभी कामगार तेथे जायला तयार नव्हते. कित्येक खोल्या ओस पडल्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. सत्याग्रही बाहेर पडले आणि गिरणी कामगार आत आले, असा तो क्रम आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. तीन-चार फुटांच्या चौकोनात आठ-दहा माणसांचे स्नान, भांडी आणि धुणे बसवले कसे?

जागा वाटून नव्हे. जागा वाटण्याइतकी नव्हतीच. वाटला जात होता तो दिवस.

पाणी पहाटे येई आणि थोडा वेळच टिके. त्या वेळेत पिंप, हंडे, कळश्या, घागरी भरून घ्यायच्या. मग पहिल्या पाळीला जाणाऱ्याचे स्नान, त्यामागून शाळेत जाणारी मुले. पुरुषमंडळी बाहेर पडली की मोरी धुण्यासाठी मोकळी होई. भिजवलेले कपडे तोवर कठड्याशी बादलीत थांबलेले असत. धुण्याचे शेवटचे, कमी मळलेले पाणी फेकायचे नाही. त्यानेच मोरी घासायची, उरले तर गॅलरी. भांडी जेवणानंतर. दुपारी मोरी कोरडी करून तिच्या कठड्यावर पालथी बादली ठेवली की तो कोपरा काही तासांपुरता खोलीचा भाग होऊन जाई. संध्याकाळी पुन्हा तेच चक्र, उलट दिशेने.

हे वेळापत्रक घरातील एका व्यक्तीच्या शरीरावर उभे होते. सगळ्यांत आधी उठणारी आणि सगळ्यांत शेवटी स्नान करणारी ती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. त्यांना हे सारे भोंग्याच्या आधी किंवा पाळी संपल्यावर उरकावे लागे. उकिडवे बसून ओले सुती लुगडे पिळणे हे काम ज्यांनी केले आहे त्यांना कंबर, गुडघे आणि मनगटे यांचे मोल वेगळे सांगायला नको. मोरीच्या व्यवस्थेचे कौतुक करताना हे ओझे विसरले, तर ते कौतुक पोकळ ठरेल.

मोरीतील वस्तूंची नावे घेतली तर एक गंमत लक्षात येते. बादली पोर्तुगीज ‘बाल्दे’वरून आली, पिंप ‘पिपा’वरून. घंगाळ आणि हंडा आपले, बंब तांब्याचा. चार शतकांचा दर्यावर्दी व्यापार आणि घरची तांबट आळी, दोन्ही त्या कोपऱ्यात शेजारी शेजारी मांडलेली असत.

धुण्यापेक्षा वाळवणे कठीण होते. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. खोलीची दर्शनी बाजू दहा फुटांच्या आसपास. म्हणजे एक लुगडे तीन घड्या घालूनच गॅलरीत मावणार, आणि घडीतले कापड लवकर वाळत नाही. घरात दोन सासुरवाशिणी आणि एक सासू असेल तर हिशेब आपणच करून पाहावा. म्हणून दोरी गॅलरीच्या कठड्याबाहेर गेली, आडव्या बांबूंवर गेली, गच्चीवर गेली. कोणती दोरी कोणाची हे ठरलेले असे. ते मोडल्यावर होणारी भांडणे नळावरच्या भांडणांपेक्षा कमी नसत. पाचवारी साडी रूढ झाली त्याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. तिला धुणारी आणि वाळत घालणारी बाई त्या कारणांत क्वचित दिसते.

खोलीच्या आत, छताखाली, दोन भिंतींना टांगलेली आडवी वलणी असे आणि तिच्यावर कपडा चढवायला लांब काठी. या उंचीमागे केवळ जागेची काटकसर नव्हती. अनेक घरांत सोवळ्याची वस्त्रे कोणाचा स्पर्श होणार नाही अशा उंचीवर वाळत, आणि काठीनेच उतरवली जात. शुद्धतेच्या कल्पनेने पाण्याची आणि श्रमाची किती उधळण होई, हे पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील त्यांच्या वडिलांचे सोवळे आठवावे; बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय त्यांना चालत नसे. धुणारे हात अर्थातच त्यांचे नव्हते.

उंच वलणीवर सोवळे, गॅलरीत रोजचे कपडे, आणि तिसरी एक जागा होती जिच्याबद्दल कोणी बोलत नसे. पाळीच्या वेळी वापरलेली फडकी धुवायला एकांत नाही आणि वाळवायला उजेड नाही. ती दुसऱ्या कपड्याखाली, लुगड्याच्या घडीत, दाराआडच्या खिळ्यावर अर्धवट ओली राहत. एका खोलीच्या घरात स्त्रियांच्या आरोग्याचे जे प्रश्न निर्माण झाले त्यांतील हा एक, आणि कोणत्याही गृहनिर्माण मंडळाच्या आराखड्यात त्याला चौरस इंचही मिळालेला नाही.

पावसाळ्याचे वेगळे काय सांगावे! चार महिने खोली म्हणजे ओल्या कपड्यांचा मांडव. माझ्या लहानपणीच्या आठवणीत जुलै महिन्याला एक ठराविक वास आहे, न वाळलेल्या सुती कपड्यांचा आणि रॉकेलच्या स्टोव्हचा. शाळेचा सदरा तव्याच्या उबेवर धरून वाळवलेला मला आठवतो. इस्त्री म्हणजे निखारे घातलेला तांब्या, नाहीतर रात्री गादीखाली दाबलेली घडी.

आता रसायनशास्त्र. लीव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास चरबीविरहित, वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण आणला. स्वदेशीच्या आणि सोवळ्याच्या, दोन्ही कसोट्यांना तो उतरत होता. पण वडीचा साबण असेपर्यंत दगड अटळ होता. घासा, आपटा, पुन्हा घासा. मोरीची रचनाच त्या दगडाभोवती होती.

दगडाला पहिला धक्का बसला तो १९५९ मध्ये, ‘सर्फ’ची पूड बाजारात आली तेव्हा. कंपनीने नुसती पूड विकली नाही, बादलीत फेस करून कपडे भिजत घालण्याची सवय विकली. भिजवायला वेळ लागतो, पण हात चालत नाहीत. आणि बादली उचलून बाजूला ठेवता येते. पूड महाग होती, म्हणून ही सोय बराच काळ मध्यमवर्गापुरती राहिली. १९६९ मध्ये अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी घरच्या घरी बनवलेली ‘निरमा’ कितीतरी कमी दरात विकायला सुरुवात केली आणि येत्या दहा-पंधरा वर्षांत ती पिवळी पूड चाळीचाळीत पोचली. ‘सर्फ’ला ललिताजी उभ्या कराव्या लागल्या त्या या धक्क्यामुळेच.

याच सुमारास टेरिलीन आणि टेरिकॉट आले. त्यांना खळ नको, नीळ थोडी, इस्त्री जवळजवळ नको, आणि पावसाळ्यातही ते रात्रीत वाळत. चाळीतल्या माणसाने घामट टेरिकॉट इतक्या आवडीने का स्वीकारले याचे उत्तर फॅशनमध्ये जेवढे आहे तेवढेच वलणीवर आहे, असे मला वाटते.

यंत्र आले ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनसारख्या कंपन्यांनी ते मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. आपल्याकडे टिकले ते सेमी-ऑटोमॅटिक, दोन टाक्यांचे. अभियंत्यांना ते मागासलेले वाटे, पण त्याला चोवीस तास नळ लागत नाही. बादलीने पाणी भरा, नळी मोरीत सोडा, काम झाले की चाकांवर ढकलून कोपऱ्यात न्या आणि वर मेणकापड टाका. धुण्याचे पाणी दुसऱ्या खेपेला वापरता येते. म्हणजे ते यंत्र मोरीच्या जुन्या वेळापत्रकात मुकाट्याने बसले. पुढून उघडणाऱ्या पूर्ण स्वयंचलित यंत्राला मात्र स्वतःची हक्काची जागा, पाण्याचा दाब आणि वेगळा विजेचा जोड लागतो. आणि ते मिळाले ते नव्या इमारतींतच.

पुण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत त्या जागेला ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतात. स्वयंपाकघराला लागून तीन-चार फुटांची पट्टी, एक नळ, सांडपाण्याची जाळी, यंत्राचा प्लग. आकार पाहिला तर ती मोरीच आहे, घराच्या दर्शनी भागातून मागे सरकवलेली. काम कोणाकडे आहे, यात फारसा बदल नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले, पुरुषांचा ९७. आणि घरकाम करतो असे सांगणारे पुरुष मुळात चारांत एक. उरलेले धुणे-भांडी करायला येणाऱ्या बाई अनेकदा स्वतः मोरीच्या घरातून येतात. दोन्ही ठिकाणचे धुणे त्याच करतात.

बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना एकशेसाठऐवजी पाचशे चौरस फुटांचे घर मिळते. वरळीतील पहिल्या इमारतींच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. घरात स्वतःचे शौचालय आहे, न्हाणीघर आहे, यंत्राला जागा आहे. गॅलरी मात्र नाही, आणि उंच इमारतीच्या खिडकीबाहेर दोरी बांधता येत नाही. म्हणून अशा नव्या घरांत छताला टांगलेली, दोरी ओढून खाली-वर करता येणारी स्टीलची दांडी बसवतात. दुकानदार तिला ‘सीलिंग हँगर’ म्हणतो.

तुमच्या घरी वलणीला काय म्हणत? आणि मोरीतला दगड शेवटी कोठे गेला? माझ्या माहितीत एक जण आहे ज्याने तो नव्या घरी नेला. तुळशीच्या कुंडीखाली ठेवला आहे. फोटो असतील तर जरूर टाका.